एका चित्रातून सव्वीस आयकॉन: ॲपच्या आयकॉनची सगळी मापं एकदम कशी काढायची

ॲपचा आयकॉन एकच दिसतो, पण त्यामागे फाइली बऱ्याच असतात. अँड्रॉइडच्या वेगवेगळ्या स्क्रीनसाठी पाच, ॲडॅप्टिव्ह (फोननुसार आकार बदलणाऱ्या) आयकॉनच्या पुढच्या थरासाठी पाच, नोटिफिकेशनसाठी पाच, प्ले स्टोअरसाठी एक आणि आयफोन-आयपॅडसाठी जुन्या पद्धतीने दहा. झाल्या सव्वीस. एकेक फाइल उघडून, 'इमेज साइझ'मध्ये आकडा टाकून सेव्ह करत बसलं तर वेळ जातोच, शिवाय एखादी फाइल हमखास चुकीच्या नावाने सेव्ह होते. हे काम बॅच लावूनच, म्हणजे सगळ्या फाइली एकाच फेरीत आपोआप काढून, करायचं आहे. मात्र बॅचमध्ये एक चूक राहिली तर ती सव्वीसही फाइलींत उतरते. म्हणून साधनाकडे वळण्याआधी मापं कुठून येतात आणि मूळ चित्र कसं हवं, हे नीट समजून घेऊ.

मापांमागचं गणित

अँड्रॉइडमध्ये मापं डीपीमध्ये मोजतात. एका इंचात १६० ठिपके असलेल्या स्क्रीनवर १ डीपी म्हणजे १ पिक्सेल. स्क्रीनची घनता वाढली की त्याच प्रमाणात पिक्सेल वाढतात. लाँचरचा, म्हणजे फोनच्या होम स्क्रीनवरचा, साधा आयकॉन ४८ डीपीचा असतो. त्यामुळे १६० घनतेच्या एमडीपीआयला ४८ पिक्सेल, २४० च्या एचडीपीआयला ७२, ३२० च्या एक्सएचडीपीआयला ९६, ४८० च्या एक्सएक्सएचडीपीआयला १४४ आणि ६४० च्या एक्सएक्सएक्सएचडीपीआयला १९२ पिक्सेल लागतात.

हे प्रमाण २:३:४:६:८ असं आहे आणि ते रेखाटनाच्या वेळीच उपयोगी पडतं. ४८ चौकटींच्या ग्रिडवर चित्र काढलं आणि एखादी रेघ १ चौकट जाड ठेवली, तर ७२ च्या मापाला ती दीड पिक्सेलची होते आणि तिची एक कड धूसर दिसते. तीच रेघ २ चौकटी जाड ठेवून सम आकड्याच्या चौकटीवर बसवली, तर पाचही मापांत ती पूर्ण पिक्सेलांवर येते: २, ३, ४, ६, ८. हा विचार आधी केला नाही, तर पुढे कुठलंही साधन ती कड सुधारून देत नाही.

आयओएसमध्ये पॉइंट मोजतात आणि स्क्रीननुसार त्याची दुप्पट किंवा तिप्पट करतात. होम स्क्रीनवरचा ६० पॉइंटचा आयकॉन म्हणजे १२० आणि १८० पिक्सेल, शोधातला ४० चा म्हणजे ८० आणि १२०, सेटिंग्जमधला २९ चा म्हणजे ५८ आणि ८७, नोटिफिकेशनमधला २० चा म्हणजे ४० आणि ६०. आयपॅडसाठी १५२ आणि आयपॅड प्रोसाठी १६७. वर ॲप स्टोअरसाठी १०२४. पण २०२२ मध्ये आलेल्या एक्सकोड १४ (ॲपलचं ॲप बनवायचं साधन) पासून 'सिंगल साइझ' निवडून फक्त १०२४ ची फाइल दिली, तरी बाकीची मापं एक्सकोड स्वतः काढतं. तुमच्याकडे नवं एक्सकोड असेल आणि लहान मापांत वेगळं चित्र द्यायचं नसेल, तर आयओएसची बॅच लावूच नका. मोठं काम तसंही अँड्रॉइडच्याच बाजूला आहे.

मूळ चित्र

मूळ फाइल व्हेक्टर हवी, म्हणजे एसव्हीजी किंवा इलस्ट्रेटरची. व्हेक्टरमध्ये आकार गणिताने साठवलेले असतात, त्यामुळे प्रत्येक माप नव्याने रेखाटलं जातं. व्हेक्टर मिळतच नसेल तर किमान १०२४ बाय १०२४ चा पीएनजी घ्या. १९२ ची फाइल ताणून ५१२ केली तर नवा तपशील कुठूनच येत नाही, फक्त धूसरपणा येतो.

आपल्याकडे लोगो बहुतेक वेळा छापखान्यातून किंवा फ्लेक्सवाल्याकडून येतो, तोही व्हॉट्सॲपवर, जेपीईजी होऊन. त्यात तीन अडचणी असतात. जेपीईजीला पारदर्शकता नसते, म्हणून लोगोमागे पांढरा चौकोन येतो. कॉम्प्रेशनमुळे अक्षरांच्या कडेला करडे ठिपके पडलेले असतात, त्यामुळे मॅजिक वाँडने पांढरा भाग काढला तरी एक मळकट किनार उरते. आणि फाइल सीएमवायके असेल तर ती छपाईच्या शाईंसाठी असते, स्क्रीनसाठी नव्हे. अशा वेळी मूळ कोरलड्रॉ फाइलच मागा, आणि देताना 'कर्व्ह करून द्या' (म्हणजे अक्षरांचे आकार करून) हे न विसरता सांगा. मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल आणि तो फॉन्ट तुमच्या मशीनवर नसेल, तर कर्व्ह न केलेल्या फाइलीत 'म'च्या जागी भलतंच चिन्ह उमटेल. फाइल युनिकोडची असली तरी एक्सपोर्ट करण्याआधी अक्षरांचे आकार करून घ्या. बॅच दुसऱ्या मशीनवर चालली आणि तिथे फॉन्ट नसला, तर सॉफ्टवेअर काही न सांगता दुसरा फॉन्ट लावून मोकळं होतं.

मूळ चित्र चौरस हवं. ते १००० बाय १०२४ असेल, तर गुणोत्तर राखणारं साधन ४८ ऐवजी ४७ बाय ४८ ची फाइल काढतं आणि चौरस सक्तीने मागितला तर लोगो किंचित फुगतो. दोन्ही टाळायचं तर आधी रिकामी जागा जोडून कॅनव्हास चौरस करा आणि मगच माप बदला.

रंगाचंही याच टप्प्यावर पाहून घ्या. फाइलीत डिस्प्ले पी३ या जास्त रंगांच्या पटाचं प्रोफाइल (रंगांचे आकडे कसे वाचायचे याची नोंद) असेल तर आधी ती एसआरजीबी या नेहमीच्या रंगपटात रूपांतरित करा आणि नंतर प्रोफाइल काढून टाका. रूपांतर न करता नुसतं प्रोफाइल काढलं, तर आकडे तेच राहतात, पण त्यांचा अर्थ बदलतो आणि भगवा फिका पडतो.

लहान करताना नेमकं काय होतं

१०२४ चं चित्र ४८ वर आणताना नव्या एका पिक्सेलमध्ये जुने साधारण २१ गुणिले २१, म्हणजे सुमारे ४५५ पिक्सेल सामावतात. चांगली पद्धत त्या सगळ्यांची वजनदार सरासरी काढते. 'निअरेस्ट नेबर' त्यातला एकच पिक्सेल उचलते आणि बाकीचे सोडून देते, म्हणून तिरप्या रेघांना पायऱ्या पडतात. काही साधनांमधली 'बायक्युबिक' नावाची पद्धतही फक्त आजूबाजूचे १६ पिक्सेल पाहते. चित्र निम्मं करायला ते चालतं, पण एकदम वीसपट लहान करताना मधला बराच तपशील तिच्या नजरेतच येत नाही. लँक्झोस किंवा क्षेत्रफळावर सरासरी काढणारी पद्धत मिळाली तर तीच निवडा.

प्रत्येक माप मूळ चित्रावरूनच काढायचं, हा नियम कधी मोडू नका. १०२४ वरून १९२, १९२ वरून १४४, १४४ वरून ९६ अशी उतरंड लावली, तर प्रत्येक पायरीवर सरासरीची सरासरी होते. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखी शेवटची प्रत पुसट येते. बॅचमध्ये ही चूक नकळत होते: साधन आपलं आउटपुट मूळ फोल्डरमध्येच लिहितं आणि पुढच्या फेरीत तीच लहान फाइल इनपुट म्हणून उचलतं. मूळ फाइलीचं फोल्डर वेगळं ठेवा आणि फाइल 'रीड ओन्ली' करून टाका.

पारदर्शक कडांवर काळपट किनार येते, तिचं कारणही सरासरीतच आहे. पूर्ण पारदर्शक पिक्सेललाही रंग असतो, तो दिसत नाही इतकंच. बहुतेकदा तो काळा असतो. साधनाने पारदर्शकतेचा हिशेब न धरता रंगांची सरासरी काढली, तर तो लपलेला काळा कडेच्या पिक्सेलमध्ये झिरपतो. चांगली साधनं आधी रंगाला पारदर्शकतेने गुणतात आणि मग सरासरी काढतात. तुमचं साधन कोणत्या प्रकारचं आहे हे कळायला ४८ चा आयकॉन पांढऱ्या, काळ्या आणि पिवळ्या पार्श्वभूमीवर ठेवून चारपट मोठा करून पाहा. किनार असेल तर लगेच दिसते.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. काळा ० आणि पांढरा २५५ यांची सरासरी बहुतेक साधनं १२८ काढतात. पण एसआरजीबीमध्ये निम्म्या प्रकाशाचा आकडा साधारण १८८ आहे. त्यामुळे गडद पार्श्वभूमीवरची बारीक पांढरी रेघ लहान मापात हवी त्यापेक्षा मंद आणि बारीक दिसते. इमेजमॅजिक या कमांडने चालणाऱ्या साधनात चित्र आधी लिनिअर रंगात (जिथे आकडे थेट प्रकाशाच्या प्रमाणात असतात) नेऊन, लहान करून, परत एसआरजीबीत आणता येतं. पांढऱ्यावर काळी रेघ असेल तर याच उपायाने ती उलट फिकी पडते. म्हणून हा पर्याय सरसकट लावू नका, दोन्ही प्रकारे काढून शेजारी ठेवून पाहा.

देवनागरी अक्षर असेल तर

मराठी ॲपच्या आयकॉनवर 'म', 'अ' किंवा 'श्री' बसवण्याची हौस असते आणि ती योग्यच आहे. फक्त शिरोरेषेचा हिशेब आधी करा. १०२४ च्या चित्रात ४० पिक्सेल जाड शिरोरेषा भरपूर वाटते. ४८ च्या मापाला ती जेमतेम १.९ पिक्सेल उरते आणि १६ च्या फेविकॉनमध्ये (ब्राउझरच्या टॅबवरच्या चिन्हात) ०.६, म्हणजे तिथे रेघ दिसण्याऐवजी रंगाची फिकट छटा दिसते. १०२४ मध्ये शिरोरेषा ६४ पिक्सेल ठेवली आणि तिची वरची कड ६४ च्या पटीत बसवली, तर १६ लाही ती बरोबर एक पूर्ण पिक्सेल राहते. लॅटिन अक्षरांना माथ्यावर अशी सलग आडवी रेघ नसल्यामुळे परदेशी मार्गदर्शकांत हा मुद्दा सापडत नाही. आपल्याला तो टाळता येत नाही.

अक्षरातली पोकळीही तितकीच महत्त्वाची आहे. 'म'ची डावीकडची गाठ आणि 'क'चं पोट लहान मापात भरून जातं. मुक्त किंवा बालूसारख्या मुंबईत घडलेल्या मोफत फॉन्टची जाड वजनं इथे उपयोगी आहेत, पण सर्वात जाड वजन घेतलं तर पोकळी आणखी लवकर बुजते. एक पायरी खालचं वजन घ्या आणि गाठ हाताने थोडी उघडा. 'क्ष', 'ज्ञ' अशी जोडाक्षरं ९६ च्या खाली वाचता येत नाहीत आणि पूर्ण शब्द तर १९२ लाही वाचला जात नाही. ३२ आणि त्याखालच्या मापांसाठी वेगळं, सोपं रेखाटन ठेवा: सावल्या नाहीत, ग्रेडियंट नाही, एकच अक्षर, जाड रेघ. बॅचमध्ये दोन मूळ फाइली द्यायच्या, मोठ्या मापांसाठी एक आणि लहान मापांसाठी दुसरी.

ॲडॅप्टिव्ह आयकॉन: सर्वाधिक चुका इथे

अँड्रॉइड ८.० मध्ये, २०१७ साली, आयकॉनचे दोन थर झाले: मागचा आणि पुढचा. दोन्ही १०८ डीपीचे. फोन त्यातला मधला ७२ डीपीचा भाग दाखवतो आणि त्याला गोल, चौरस किंवा आणखी कुठला आकार देतो. चारही बाजूंचे १८ डीपी हालचालीच्या परिणामांसाठी राखीव असतात. कोणत्याही आकारात कापला जाऊ नये असा भाग मधल्या ६६ डीपी व्यासाच्या वर्तुळात ठेवायचा. पिक्सेलमध्ये पुढच्या थराची मापं १०८, १६२, २१६, ३२४ आणि ४३२.

तयार ५१२ चा आयकॉन घेऊन थेट ४३२ ला आणला आणि पुढचा थर म्हणून दिला, तर लोगोच्या कडा कापल्या जातात. सूत्र सोपं आहे. १०२४ च्या कॅनव्हासवर लोगो मधल्या सुमारे ६२५ पिक्सेल व्यासाच्या वर्तुळात बसवा, बाकीची जागा पारदर्शक ठेवा आणि मग बॅच लावा. मागच्या थराला सपाट रंग असेल तर चित्र लागतच नाही, रंगाचा कोड पुरतो. अँड्रॉइड १३ पासून वॉलपेपरच्या रंगात रंगणारे आयकॉन आले, त्यांच्यासाठी एकरंगी तिसरा थरही देऊन ठेवा.

तुमचं ॲप अँड्रॉइड ८.० च्या खाली चालणारच नसेल आणि दोन्ही थर व्हेक्टर असतील, तर ४८ ते १९२ च्या पाच फाइली काढायची गरजच उरत नाही.

साधनं

फक्त अँड्रॉइड ॲप असेल तर अँड्रॉइड स्टुडिओच पुरे. 'रेस' फोल्डरवर राइट क्लिक, 'न्यू', 'इमेज ॲसेट'. पुढच्या थराला चित्र द्या आणि 'रिसाइझ'ची पट्टी सरकवत लोगो सुरक्षित वर्तुळात आणा. चित्राभोवती फालतू रिकामी जागा असेल तर 'ट्रिम' सुरू करा. गोल, जुना आणि प्ले स्टोअरचा आयकॉन हे सगळं एकाच वेळी तयार होतं. फ्लटर (एकाच कोडमधून दोन्हीकडची ॲप बनवायचं साधन) वापरत असाल तर 'फ्लटर लाँचर आयकॉन्स' हे पॅकेज दोन्ही प्लॅटफॉर्मच्या फाइली काढून जागेवर ठेवतं. त्यात आयओएससाठी अल्फा (पारदर्शकतेची माहिती ठेवणारा चॅनल) काढून टाकण्याचा पर्याय सुरू करायला विसरू नका.

फिग्मा या डिझाइनच्या साधनात काम करत असाल तर एकाच फ्रेमला एक्सपोर्टच्या अनेक ओळी जोडता येतात. आकड्यानंतर डब्ल्यू हे अक्षर लिहिलं की ती रुंदी धरली जाते. नावात तिरपी रेघ घातली की एक्सपोर्टमध्ये फोल्डर तयार होतं. विंडोजवर इरफानव्ह्यूमध्ये बी दाबून बॅचची खिडकी उघडते. पण तिथे एका फेरीत एकच माप निघतं, त्यामुळे एकाच मापाचे अनेक आयकॉन करायला ते सोयीचं आहे, एका आयकॉनची अनेक मापं काढायला नाही.

आयकॉन वारंवार बदलणार असेल तर इमेजमॅजिकची छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवणं सर्वांत फायद्याचं. मापांची यादी, प्रत्येक मापापुढे फोल्डरचं नाव आणि एक लूप: मूळ फाइल वाचा, लहान करा, त्या फोल्डरमध्ये ठरलेल्या नावाने लिहा. व्हेक्टर असेल तर वाचण्याचं काम इंकस्केप या व्हेक्टर सॉफ्टवेअरला द्या आणि एक्सपोर्टची रुंदी प्रत्येक वेळी बदला. सावध राहायचं ते 'मॉग्रिफाय' या कमांडपासून. आउटपुटचं फोल्डर सांगितलं नाही तर ती मूळ फाइलच लहान करून टाकते. मॅकवरची 'सिप्स' कमांडही आउटपुट न दिल्यास तेच करते.

क्रमही महत्त्वाचा: आधी माप, मग हवीच असेल तर हलकी धार आणि शेवटी पीएनजीचं आकुंचन. आकुंचन आधी केलं तर रंग २५६ वर येतात आणि त्यावर काढलेल्या सरासरीत ग्रेडियंटला पट्टे पडतात.

बिल्ड अडतं ते इथे

अँड्रॉइडमध्ये पाचही फोल्डरांत फाइलीचं नाव एकच असावं लागतं, फरक फक्त फोल्डरचा. बॅचची साधनं मात्र नावापुढे माप जोडतात. नावात मोठी इंग्रजी अक्षरं, आडवी रेघ किंवा मोकळी जागा आली तर बिल्ड, म्हणजे कोडमधून ॲप तयार होण्याचं काम, थांबतं. लहान अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर एवढंच चालतं. नव्या प्रोजेक्टमध्ये अँड्रॉइड स्टुडिओ आयकॉन वेबपी स्वरूपात ठेवतो. तुम्ही त्याच नावाचा पीएनजी शेजारी टाकला की 'डुप्लिकेट रिसोर्सेस' अशी चूक येते. जुन्या वेबपी फाइली काढून टाका.

लाँचरचे आयकॉन 'ड्रॉएबल'मध्ये न ठेवता 'मिपमॅप' फोल्डरांत ठेवायचे. काही लाँचर फोनच्या घनतेपेक्षा वरच्या मापाचा आयकॉन मागतात. घनतेनुसार ॲपचे तुकडे करताना ड्रॉएबलमधली बाकीची मापं वगळली जातात, मिपमॅपमधली राहतात.

ॲप स्टोअर १०२४ च्या आयकॉनमध्ये अल्फा चॅनल असला तर नाकारतं, मग चित्रात एकही पारदर्शक पिक्सेल नसला तरी. नुसती पांढरी पार्श्वभूमी भरून भागत नाही, चॅनलच काढावा लागतो. कोपरे स्वतः गोल करू नका, ॲपल आणि प्ले स्टोअर दोघंही ते करतात. तुम्ही आधी केले तर दोन गोलाई जुळत नाहीत आणि कोपऱ्यात पांढरे त्रिकोण दिसतात. प्ले स्टोअरला ५१२ चा पीएनजी, जास्तीत जास्त १०२४ केबी.

वेबसाठी १९२ आणि ५१२. 'मास्केबल' (फोन हव्या त्या आकारात कापू शकेल अशी) फाइल वेगळी ठेवा आणि तिच्यात लोगो मधल्या ८० टक्के व्यासाच्या वर्तुळात बसवा. विंडोजच्या एका आयसीओ फाइलीत १६, २४, ३२, ४८ आणि २५६ ही मापं एकत्र भरा.

नोटिफिकेशनचा आयकॉन हे वेगळंच प्रकरण आहे. तो २४ डीपीचा: २४, ३६, ४८, ७२, ९६. अँड्रॉइड ५.० पासून त्यातले रंग दुर्लक्षिले जातात, फक्त पारदर्शक काय आणि भरीव काय एवढंच पाहिलं जातं. लाँचरचा चौरस आयकॉन लहान करून इथे दिला की फोनच्या वरच्या पट्टीत कोरा पांढरा चौकोन येतो. पारदर्शक पार्श्वभूमीवर पांढऱ्या आकाराचं स्वतंत्र चित्र काढा आणि त्याची बॅच वेगळी चालवा.

बॅच झाली की इमेजमॅजिकच्या 'आयडेंटिफाय'ने सगळ्या फाइलींची नावं आणि मापं एका यादीत पाहा, ४७ बाय ४८ सारखा आकडा तिथेच सापडतो. मग साध्या, कमी घनतेच्या फोनवर ॲप टाकून हाताच्या अंतरावरून बघा. मॉनिटरवर मोठा करून पाहिलेला आयकॉन फसवतो. फोनवर जुनाच आयकॉन दिसत असेल तर फाइली पुन्हा काढत बसू नका. लाँचर आयकॉन साठवून ठेवतो, म्हणून आधी ॲप काढा, फोन बंद करून चालू करा आणि पुन्हा इन्स्टॉल करा.